वाकडे टाके घालून मिळतील

ठाण्याच्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला ‘सावकाश’ असं दोनच वेळा सांगितलं जातं. एकदा चहा फार गरम असेल तेव्हा, आणि एकदा फलाट नि डबा यांच्यामधली फट फार रुंद असेल तेव्हा. एरवी आमचा दिवस ‘चल, आटप, निघ’ या तीन क्रियापदांवर चालतो. गाडी दोन मिनिटं उशिरा आली तर जिथे अख्खा फलाट एकदम उसासा टाकतो, तिथे हळूहळू शिवायला शिकवणारी कार्यशाळा भरणार आणि तिच्या जागाही भराभर संपणार, हे कळल्यावर मी पत्ता दोनदा वाचला. मला वाटलं पुण्याचा असेल. पण नाही, ठाण्याचाच होता, आणि तोही स्टेशनपासून चालत जाण्याजोगा.

बातमी आणली भाचीने. ती ऐरोलीला संगणकात काहीतरी करते. काय करते ते तिने मला अनेकदा समजावलंय आणि मी प्रत्येक वेळी मान डोलावलीय. “मावशी, दिवसभर स्क्रीन बघून डोकं पिकतं गं. हाताने काहीतरी करावंसं वाटतं,” ती म्हणाली. हाताने करण्यासारखं घरात पुष्कळ असतं, मेथी निवडायची असते, लसूण सोलायचा असतो, पण मी बोलले नाही. फी ऐकली तेव्हाही बोलले नाही. तेवढ्या पैशांत आमच्या डोंबिवलीत एक शिलाई मशीन येईल, जुनं का होईना, आणि वर तेल घालून मिळेल.

हॉलमध्ये खुर्च्या नव्हत्या, चटया होत्या. प्रत्येकीच्या पुढ्यात जुन्या सुती साडीचे दोन थर, जाड दोरा आणि सुई. शिकवणारी मुलगी डिझाइनचं शिक्षण घेतलेली, अंगात हातमागाचा सैल झगा, आणि आवाज इतका मृदू की मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींना “काय म्हणाली?” असं विचारत होत्या. ती म्हणत होती, फोन बंद करा, श्वासाकडे लक्ष द्या आणि साधा धावदोरा घालत चला. रेघ आखू नका. टाका छोटा झाला, मोठा झाला, तिरका गेला, तर जाऊ द्या. कापडाला टेक्श्चर येऊ द्या.

“म्हणजे सुरकुत्या?” माझ्या शेजारच्या सत्तरीच्या आजींनी विचारलं.

“हो आजी, सुरकुत्याच. खूप सुंदर असतात त्या.”

आजींनी एकवार स्वतःच्या हातांकडे पाहिलं. फी घेऊन का होईना, कोणीतरी हे बोललं एकदाचं, अशा समाधानाने त्यांनी सुईत दोरा ओवला.

ज्या बायकांनी मराठी शाळेत शिवणाचा तास काढलाय त्यांना या सुरकुत्यांचा धसका बसलेला असतो. आमच्या बाई नमुन्याचं कापड उजेडात धरायच्या, त्यावर पट्टी ठेवायच्या आणि टाके मोजायच्या. दोरा जरा ओढला गेला, कापडाला चुणी पडली, की त्यांच्या तोंडून एकच शब्द निघे: “उसव.” आमच्या वर्गाने वर्षभरात जेवढं शिवलं, त्याहून जास्त उसवलं असेल. आणि आता तीच चुणी शिकायला आम्ही पैसे भरून मांडी घालून बसलो होतो. बाई आज असत्या तर त्यांनी त्या मृदू आवाजाच्या मुलीला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

चुणीमागे कारागिरी आहे मात्र खरी. धावदोऱ्यात दोरा कापडाच्या खालून-वरून जातो. तो किंचित ओढून घेतला की दोन टाक्यांमधलं कापड उचललं जातं. पुढच्या ओळीतले टाके आधीच्या ओळीतल्या मोकळ्या जागांसमोर आले, तर उंचवटा आणि खळगा एकाआड एक पडत जातात आणि कापडभर लाटा उठतात. टाके बरोबर एकाखाली एक आले तर लाटांऐवजी पन्हळी पडते. मग धुलाईत सुती कापड थोडं आटतं आणि तो उठाव कायमचा होतो. बंगालचा कांथा याच गुणावर जगभर विकला जातो. जुन्या कांथ्यांसाठी तर रंगीत दोराही विकत आणत नसत, जुन्या साडीच्या काठातून ओढून काढत. तिकडे उत्तर जपानमधले गरीब शेतकरी थंडीसाठी जाडेभरडे थर एकावर एक ठेवून असाच दोरा घालत. त्याचं नाव साशिको. त्यांच्या ठिगळावर ठिगळ लावलेल्या कपड्यांना बोरो म्हणतात, आणि ते आता संग्रहालयात काचेमागे, बेताच्या उजेडात टांगलेले असतात. आमच्या बाईंनी ते काच फोडून उसवायला लावले असते.

सावकाशीचं हे खूळ आधी स्वयंपाकघरातून निघालं. 1986 साली रोममध्ये मॅकडोनाल्डचं दुकान उघडणार म्हणून कार्लो पेट्रिनी आणि त्यांच्या मंडळींनी विरोध केला, त्यातून ‘स्लो फूड’ची चळवळ उभी राहिली. मग सावकाश खाणाऱ्यांच्या मागोमाग सावकाश प्रवास करणारे आले, सावकाश कपडे घालणारे आले. 2015 साली क्लेअर वेलेस्ली-स्मिथ या ब्रिटिश बाईंचं ‘स्लो स्टिच’ नावाचं पुस्तकच निघालं. ठाण्याला पोचायला या लाटेला थोडा वेळ लागला. मधे मेगाब्लॉक असणार.

खरं तर आमच्या या पट्ट्याला कापड नवं नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा एक ग्रीक व्यापारी पुढे साधू झाला आणि आठवणी लिहून गेला. ‘कल्लियाना’ बंदरातून कपड्यांसाठीचं कापड परदेशी जातं, असं त्यात आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या चामड्याची आणि सुती कापडाची नोंद केली. आज कल्याणची कितीतरी घरं लग्नाचा बस्ता बांधायला दादर गाठतात. म्हणजे दीड हजार वर्षांत आमच्या निर्यातीचा लोकलचा पास झाला.

गेल्या शतकात तर इथे कापड आणि धागा यांच्या कारखान्यांचीच रांग होती. 1925 साली ठाण्यात रेमंडची लोकरीची गिरणी सुरू झाली. आता तिथल्या जमिनीवर मजले चढताहेत. आंबिवलीजवळ मोहन्याला एनआरसीचा रेयॉनचा कारखाना होता, तो 2009 साली बंद पडला. शहाडचं सेंच्युरी रेयॉन तेवढं अजून धागा काढतंय. पलीकडे भिवंडीत यंत्रमागांची खडखड. साधा यंत्रमागसुद्धा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा आडवा धागा टाकतो. तेवढ्या एका मिनिटात कार्यशाळेत आमच्यापैकी निम्म्या जणींची सुई ओवून व्हायची होती.

उल्हासनगरची गोष्ट आणखी वेगळी. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित सिंधी कुटुंबं आली, 1949 साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं आणि पुढे ते जीन्सचं गाव म्हणून नावारूपाला आलं. सिंध हा खरा रल्लीचा मुलूख, रल्ली म्हणजे ठिगळं जोडून, वर धावदोरा घालून केलेली त्यांची गोधडीच. पण त्याच लोकांच्या वस्तीत धंदा बहरला तो नवी कोरी जीन्स घासून, धुऊन, गुडघ्यावर फाडून जुनी करण्याचा. आणि ठाण्यात आम्ही जुन्या साडीला टाके घालून तिचं नवं काहीतरी करत होतो. दोन्हींत लोकलने जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर. नव्याला नवं आणि जुन्याला जुनं राहू देणारा माणूस मधल्या कुठल्या स्टेशनावर उतरतो, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी नैसर्गिक रंगांचा विषय निघाला. हळद, डाळिंबाची सालं, मंजिष्ठा. आपल्या गावाच्या मातीचा रंग कापडाला यावा, असं ती मुलगी फार कळकळीने म्हणाली. आम्ही डोंबिवलीच्या बायका एकमेकींकडे बघू लागलो. जानेवारी 2014 मध्ये आमच्याकडे हिरवा पाऊस पडला होता. फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा मुख्यमंत्री स्वतः येऊन बघून गेले. आमच्या गावाचा रंग यायला कापड उकळावं लागत नाही, गच्चीत वाळत टाकलं तरी पुरे.

या सगळ्यात मला आठवत होत्या त्या सासूबाई. त्या जुन्नरकडच्या आणि गोधडी हा त्यांचा हुकमी विषय. त्यांच्या माहेरी एकही लुगडं म्हणून वाया जायचं नाही. नेसून विरलं की त्याची घडी पत्र्याच्या पेटीत जाई, आणि तीन-चार लुगडी साठली की एखाद्या दुपारी अंगण शेणाने सारवून त्यावर ती अंथरली जात. सगळ्यात धडकं लुगडं वर, त्याखालोखालचं तळाला, आणि जी उजेडात धरली तर पलीकडची गल्ली दिसावी अशी, ती मधल्या थरांत. कडेने कच्चे टाके. मग चारी बाजूंना चौघी बसायच्या, कापड सरकू नये म्हणून निम्म्या त्याच्यावरच बसायच्या, आणि काठापासून आत चौकटीत चौकट असा दोरा घालत मध्याकडे सरकायच्या. सासूबाई जुनी गोधडी उलटी करून टाक्यांवरून सांगत, हे आईचे, हे थोरल्या काकूंचे, आणि हे लांब लांब ढांगा टाकलेले धाकट्या वहिनीचे, तिला नेहमी उठायची घाई. आमच्या लेखी गोधडी म्हणजे पांघरूण. त्यांच्या लेखी ते घराण्याचं हजेरीपत्रक होतं, आणि त्यात धाकट्या वहिनीला शेरा मिळालेला होता.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, किती दिवस लागायचे एका गोधडीला? “चार-चार महिने,” त्या म्हणाल्या. पण त्यात सावकाशी कसली डोंबलाची! सकाळचं दळण, पाणी, भाकऱ्या, शेतावरची न्याहारी, जनावरं, हे उरकून दुपारच्या जेवणाची भांडी घासून झाली की संध्याकाळच्या चुलीपर्यंत जो तासभर उरे, तो गोधडीचा. त्या तासात हात जितका चालेल तितका चालवायचा, कारण पोरगं केव्हा रडेल नि सासू केव्हा हाक मारेल याचा नेम नाही. हळू शिवायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. दिवसाचा जो तुकडा कोणालाच नको होता तो गोधडीच्या वाट्याला यायचा. जसा साडीचा, तसाच वेळेचा. काचेमागच्या बोरोखालच्या पाटीवर हे लिहिलेलं असतं की नाही, मला शंका आहे. कार्यशाळेत मात्र नव्हतं. तिथे आम्हाला शनिवार-रविवार अखंड मिळाले होते, आणि मधे आल्याचा चहा आयता.

सासूबाईंची एक गोधडी आमच्या फ्लॅटमध्ये आहे. ती मशीनमध्ये मावत नाही. मावली तर पाणी पिऊन इतकी जड होते की मशीन न्हाणीघरातून दारापर्यंत चालत येतं. हाताने धुवावी तर पिळायला दोन टोकांना दोन माणसं लागतात, आणि दोघांनी एकाच दिशेने पीळ द्यायचा नसतो हे नवऱ्याला कळेपर्यंत पाणी निथळून गेलेलं असतं. वाळत घालावी तर बाल्कनीच्या कठड्यावर जाड कपडे टाकू नयेत, अशी सोसायटीची नोटीस. राहता राहिली थंडी. ती आमच्याकडे वर्षातून दोन-तीन रात्री येते, तेही वर्तमानपत्रात छापून आल्यावर कळतं. मग भाचीसारखी पोरं यावर तोडगा काढतात. एसी अठरावर ठेवायचा आणि आजीच्या आठवणीने गोधडी ओढून घ्यायची. विजेचं बिल आल्यावर आजीची आठवण अधिकच येते.

कापड टाक्यांनी उठवायचं हे एक झालं, कापड सुईने विणायचं हे त्याच्या पुढचं. कार्यशाळेच्या शेवटी तेही होतं. साडीला मुद्दाम भोक पाडायचं, भोकावर रंगीत दोऱ्याचे उभे धागे ताणायचे आणि आडवा धागा एक सोडून एक त्यांच्या खालून-वरून न्यायचा. हे मी कल्याणला रफूच्या दुकानात लहानपणापासून बघत आले. तिथे फरक एवढाच की धागा रंगीत नसतो. चांगला रफूगार कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढतो आणि विणीची नक्कल अशी करतो की जळकं भोक कुठे होतं ते गिऱ्हाईकालाही सापडू नये. उत्तर प्रदेशातलं नजीबाबाद अशा रफूगारांसाठी प्रसिद्ध आहे, काश्मिरी शालींची वीण पुन्हा उभी करणारी माणसं ती. मी माझा पिवळा-जांभळा नमुना कल्याणच्या चाचांना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला. “ताई, ये रफू आहे की भोकाची जाहिरात?” त्यांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता चष्मा खाली घेऊन एका पॅंटीच्या खिशाकडे वळले. दुरुस्ती दिसली पाहिजे अशी परदेशात आता फॅशन आहे, हे सांगायचा मला धीर झाला नाही. ती दिसू नये म्हणून त्यांचे डोळे गेले होते.

हातशिलाईचा आमच्याकडचा खरा वर्ग हॉलमध्ये भरतच नाही, तो लोकलच्या बायकांच्या डब्यात भरतो. ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो गाडीला खिडकी मिळाली की मुंबईपर्यंत जवळजवळ तास हातात असतो. फास्टने पंधरा-वीस मिनिटं वाचतात, पण वाचवलेल्या वेळात उभं राहून सुई चालवता येत नाही. म्हणून कितीजणी ठाण्याला उतरून मुद्दाम स्लो धरतात. क्रोशाची झालर, बाळाचं टोपडं, उशीच्या अभ्र्यावर गहू टाका, तोरणाचे मणी, सगळं त्या तासात पुढे सरकतं. डोंबिवलीच्या गर्दीत सुईचा आणखीही एक उपयोग आहे. पर्स घेतलेल्या बाईला कोणी जागा देत नाही, हातात क्रोशाची सुई असलेल्या बाईभोवती मात्र वीतभर मोकळी जागा आपोआप तयार होते.

आणि या वर्गाच्या मुख्याध्यापिका म्हणजे आमच्या गल्लीतल्या फॉलच्या काकू. तळमजल्याच्या खिडकीत पाटी: ‘साडीला फॉल, पिको, गोंडे करून मिळतील.’ पिको मशीनवर होतं. फॉलची वरची कड मात्र हातानेच, कारण टाका साडीच्या दर्शनी बाजूला टाचणीच्या टोकाहून जास्त दिसता कामा नये. फॉल आधी भिजवून वाळवायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीच्या निऱ्यांना चुण्या पडतात. चुणी पडली की गिऱ्हाईक दारात. लग्नसराई, गौरी-गणपती, आणि आमच्या डोंबिवलीने 1999 साली सुरू केलेली पाडव्याची शोभायात्रा, या दिवसांत काकूंच्या घरात माणसांना बसायला जागा नसते. एकेका महिला मंडळाच्या एकाच रंगाच्या साड्या गठ्ठ्याने येतात आणि सगळ्यांना त्या ‘उद्या सकाळी’ हव्या असतात.

भाचीची मैत्रीण रविवारी येऊ शकली नाही, म्हणून तिच्या जागी मी काकूंना नेलं. शिकवणारीने कापड दिलं, श्वासाबद्दल सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि तिने पाठ वळवल्यावर आम्हा बाकीच्यांच्या दोन ओळी होईतो त्यांचं कापड भरून परत दिलं. ओळी अशा की शाळेतल्या बाईंनी पट्टी ठेवायची तसदी घेतली नसती.

मुलगी खरंच हरखली. मग जरा अडखळत म्हणाली, “काकू, फार सुंदर आहे. पण... जरा जास्तच सरळ आहे हो. यात तुमचा हात दिसायला हवा.”

“माझा हात दिसू नये याचेच लोक मला पैसे देतात गं,” काकू म्हणाल्या.

“थोडे वाकडे घालून बघाल?”

काकूंनी प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या. दोन टाके तिरके जायचे आणि तिसऱ्याला हात आपोआप वळणावर यायचा. चार ओळींना अर्धा तास गेला. शेवटी सुई कापडात खोचून त्यांनी विचारलं, “वाकड्याचा रेट काय?”

रेट ऐकून काकू गप्प झाल्या. फॉलला साडीमागे जे मिळतं त्याच्या कितीतरी पट होता तो. त्या मुलीचं मला कौतुक वाटलं ते इथे. तिने नुसतं वाखाणून सोडलं नाही, तिथल्या तिथे काकूंना स्टोलचं काम दिलं. अख्ख्या स्टोलवर लाटा, दोरा थोडा ओढून, टाके जमतील तितके बेशिस्त.

काकूंनी पहिला स्टोल दोन दिवसांत नेऊन दिला. गिऱ्हाईक बाई घोडबंदर रोडच्या. त्यांना तो आवडला, पण शंका आली. इतक्या लवकर? मशीनवर तर नाही ना केला? पुढच्या वेळी काकू शहाण्या झाल्या. आता त्यांच्या कपाटात खालचा एक कप्पा वेगळा आहे. तयार झालेले स्टोल तिथे घडी घालून ठेवलेले असतात आणि पुढचे तीन आठवडे ते शिवले जात असतात.

परवा मी तिथेच बसले होते. काकू माझ्या साडीला फॉल लावत होत्या, ती मला सहाच्या आत हवी होती. फोन वाजला. काकूंनी तो स्पीकरवर टाकला, कारण हात मोकळा नव्हता.

“काकू, कुठवर आलंय माझं?”

“चाललंय हो ताई,” काकूंनी दातांनी दोरा तोडला. “रोज थोडं थोडं घेते. घाई केली की हात खोटा पडतो बघा.”

पलीकडून फार समाधानाचा हुंकार आला. फोन बंद झाल्यावर काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि साडीचं दुसरं टोक माझ्या अंगावर टाकलं.

“नुसत्या बसलात काय? ती कड ताणून धरा, पावणेसहा झालेत.”